फिका बलक

होळी झाली आणि चार दिवसांत मुंगसाने तीन कोंबड्या नेल्या. पहिली नेली ती भरदुपारी, वनमाला मोरीवर भांडी घासत होती तेव्हा, तिच्या पाठीमागून. राखेने भरलेले हात घेऊन ती धावली, पण पिसांशिवाय हाती काही लागलं नाही.

आरे कॉलनीत गुरांच्या एका युनिटमागे, टेकडीच्या उतारावर पत्र्याच्या सात-आठ खोल्यांची ओळ होती. टोकाची खोली वनमाला आणि लवूची. लवू गिरणीत फिटर होता. संप कधी संपला, किंवा संपला का, हे दोन वर्षांत कुणी नीट सांगितलं नव्हतं. गिरणी मात्र लवूपुरती संपली होती. तेव्हापासून तो खाटेवर होता. आजारी नव्हता. जेवायचा, विडी ओढायचा, पत्र्याकडे बघायचा. कुणी हाक मारली तर "हां" म्हणायचा आणि तसाच पडून राहायचा. घर चालत होतं ते वनमालाच्या बावीस कोंबड्यांवर. त्यातल्या एकोणीस गावठी, काळ्या, कबऱ्या, मानेवर पिसं नसलेल्या, कशाही. तीन तांबड्या मात्र सरकारी कोंबडीफार्ममधून आलेल्या. शेजारचा अंबादास त्या फार्ममध्ये कामाला होता. फार्मने पिल्लं विकायला काढली तेव्हा त्याने तीन आणून दिली. गावठी कोंबडी मनात आलं तर अंडं देते. या तांबड्या हजेरी लावल्यासारख्या रोज देत, आणि मोठं, चॉकलेटी रंगाचं.

तिसरी कोंबडी गेली त्या दिवशी लवू खाटेवरून उठला.

बाहेर गेला आणि दुपारी डोक्यावर खोक्याच्या फळ्या घेऊन आला. मग जाळी आणली, खिळे आणले. गिरणीतून आणलेली हत्यारांची पेटी दोन वर्षांनी उघडली. पान्याला गंज चढलेला बघून त्याने तोंड असं केलं, जणू त्याच्याच अंगाला चढला होता. पंधरा दिवस ठोकाठोक चालली. आणि जे तयार झालं ते नुसतं खुराडं नव्हतं. चार पायांवर उभं, खाली फळ्यांची जमीन, बाजूंनी जाळी, वर पत्रा, आत बसायला दांड्या, अंडं घालायला वेगळे कप्पे, आणि दाराला अशी कडी की वनमालालाच ती आधी दोन दिवस उघडेना.

"आता येऊ दी ता मुंगूस," लवू म्हणाला. "दात मोडतले तेचे."

दोन वर्षांत त्याने सलग बोललेलं हे सगळ्यात मोठं वाक्य. वनमालाने त्या दिवशी त्याला चहात दूध जास्त घातलं आणि कोंबड्या आत कोंडल्या. दिवसभर आत. खायला रेशनच्या तांदळाची कणी, शिळा पाव, भाताचं खरकटं. कोंबड्यांनी दोन दिवस आरडाओरडा केला, मग पोट भरतंय म्हटल्यावर गप्प बसल्या. लवू रोज सकाळी खुराड्याभोवती एक फेरी मारायचा, जाळीला हात लावून बघायचा. कमरेत वाकायचा तेव्हा आता हाडं वाजत नव्हती.

सगळं झकास चाललं होतं. आणि मग पार्ल्याला अंडी फिकी निघाली.

मंगळवारी आणि शनिवारी वनमाला पार्ल्याला जायची. डालड्याच्या मोठ्या डब्यात तूस, तुसात अंडी, डबा मांडीवर. आरेची बस, मग दुसरी बस, मग पायी. एका गल्लीतली सहा घरं होती, आणि त्या सहांचं देवघर म्हणा, कचेरी म्हणा, जे काय ते म्हणजे रत्नप्रभाबाई. त्यांनी घेतलं की सगळ्यांनी घ्यायचं, त्यांनी नाक मुरडलं की सगळ्यांनी मुरडायचं.

तसं रत्नप्रभाबाईंच्या घरात अंडं वर्ज्य. पण सून अनुपमा दिवाळीत टायफॉइडने पडली ती उठली तेव्हा नुसती सावली उरली होती. डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीवरच लिहून दिलं, 'रोज दोन अंडी'. चिठ्ठीवर आलं म्हणजे औषध झालं. औषधाला विटाळ नसतो. तरीही बाईंनी अंड्यासाठी गॅलरीत वेगळा स्टो मांडला, वेगळं पातेलं, वेगळी बशी. स्वतः कधी अंडं तोंडाला लावलं नाही, पण अंडं चांगलं कसं ओळखायचं हे त्यांना सहाही घरांत सगळ्यांपेक्षा जास्त कळायचं. बलक हवा झेंडूसारखा. पिवळाधमक. तो तसा असला की त्यात ताकद.

झेंडूवरून आठवलं. वनमाला परत निघाली की बाई तिच्या हाती दर वेळी एक पुडी द्यायच्या, देवाच्या निर्माल्याची. "तुमच्याकडे झाडी आहे. कुणाच्या पायाखाली येणार नाही अशा जागी ठेव गं. इथे टाकायचं म्हणजे गटारातच जातं." वनमाला ती पुडी नेऊन खोलीमागच्या उंबराच्या बुंध्याशी सोडायची. दिवाळीपासून एक खेप चुकवली नव्हती.

त्या शनिवारी मात्र दार उघडल्या उघडल्या बाई म्हणाल्या, "ये. बस इथे." आणि गॅलरीतून ती वेगळी बशी आणली. बशीत तीन अंडी फोडलेली होती. बलक कसला, पातळ वरणाचा रंग. "हे काय आहे?"

"अंडी," वनमाला म्हणाली.

"ते मलाही दिसतंय. कुणाची?"

"माझ्या कोंबड्यांची, बाई."

"वनमाला, मी काही काल जन्मले नाही." बाईंनी पदर नाकाला लावला आणि आणलेल्या अंड्यांतलं एक तांबडं, मोठं अंडं दोन बोटांत धरलं, उंदराची शेपटी धरावी तसं. "फार्मची पांढरी अंडी घेतात आणि चहाच्या पाण्यात बुडवून गावठी म्हणून विकतात. आमच्या समोरच्यांनी डोळ्यांनी पाहिलंय."

"मी नाय तसलं करत."

"मग बघू या."

त्यांनी लिंबाची फोड आणली. दार उघडंच होतं. समोरच्या दारात शेजारीण येऊन उभी राहिली, वरच्या जिन्यावरून कुणीतरी वाकलं. बाईंनी लिंबाने अंडं घासलं. वर ओल्या फडक्याने पुसलं. वनमाला हात मांडीवर ठेवून बसली होती. तिला वाटत होतं, आपलंच तोंड घासतायत.

रंग काही निघाला नाही. निघणार कसा, तो तांबडीच्या पोटातूनच आला होता. पण बाईंचं समाधान झालं नाही. लिंबू हरलं म्हणून बशीतला बलक काही पिवळा होत नव्हता.

"काय घालतेस हल्ली त्यांना?"

"जे घालत होते तेच. भात, कणी. गवत खातात."

गवत म्हणताना तिची जीभ जराशी अडली. महिना झाला, कोंबड्यांनी गवत पाहिलं नव्हतं.

"हे बघ," बाई म्हणाल्या. "माझ्या सुनेच्या अंगावर मांस यायला हवंय. फिक्या अंड्यात काय असतं? पाणी. पुढच्या वेळी नीट आण, नाहीतर मी फार्मवाल्याला सांगते. तो निदान पांढरं ते पांढरं म्हणून विकतो."

आतून अनुपमा म्हणाली, "आई, असू दे ना." ती खिडकीशी बसली होती, हातात वाटी. तिच्याकडे कुणी पाहिलं नाही.

आणि निघताना पुडी होतीच. अपमान करायचा आणि वर निर्माल्य द्यायचं, हे बाईंना जमायचं. पुडी घ्यायची आणि "येते" म्हणायचं, हे वनमालाला जमायचं.

बसमध्ये तिने विचार केला. महिन्यात बदललं काय? एकच. खुराडं. पण हे लवूला सांगायचं कसं? ज्या माणसाने दोन वर्षांनी हातोडी उचलली, त्याला म्हणायचं की तुझ्या हातोडीने माझं गिऱ्हाईक जायला बसलंय? घरी आली तर तो पत्र्यावर चढून गोणपाट अंथरत होता. कोंबड्यांना ऊन लागू नये म्हणून.

"काय झाला गो? तोंड उतारला तुझा."

"काय नाय. उन्हान," ती म्हणाली.

मग तिने जे केलं ते मालवणच्याच बाईला सुचावं. माणूस फिका पडला तर त्याला काय देतात? सुकट देतात. बाळंतिणीला काय देतात? सुकटीचं आंबट. तिच्या आईने सात बाळंतपणं जवळ्यावर काढली होती. मग कोंबडीला का नाही? माहुलची एक कोळीण गोरेगावच्या बाजारात सुका जवळा घेऊन बसायची. तांबूस, केसांएवढा, मूठभर घेतला तर अख्खं घर वासाने भरायचं. वनमालाने पिशवीभर घेतला, कुटला, कणीत मिसळला आणि लवू नाक्यावर गेला की कोंबड्यांपुढे टाकायला सुरुवात केली. कोंबड्या तुटून पडल्या. जन्मात त्यांना असं जेवण मिळालं नव्हतं.

मधल्या मंगळवारी ती तापाचं निमित्त करून पार्ल्याला गेलीच नाही, शनिवारीही नाही. दहा दिवसांनी तिने एक अंडं घरी फोडलं. बलक केशरी! तिने ते परातीत दोनदा फिरवून पाहिलं. मग तव्यावर टाकून लवूला वाढलं. लवूने खाल्लं आणि म्हणाला, "बरा लागता. सुक्या म्हावऱ्यासारख्या."

मालवणी माणसाला अंड्याला मासळीची चव आली तर तो दुसरं मागतो. त्याने दुसरं मागितलं. तिथेच वनमालाने थांबायला हवं होतं.

पार्ल्याला बाईंनी अंडं फोडलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की वनमालालाच लाज वाटली. "बघ! आता कसं! म्हटलं नव्हतं मी?" त्यांनी बशी समोरच्या शेजारणीला नेऊन दाखवली. "काय घातलंस गं?"

"भात, कणी," वनमाला म्हणाली. "गवत."

हे मात्र सरळसरळ खोटं होतं. तिने ते पुडीबरोबर घरी नेलं.

पुढच्या मंगळवारी ती जिना चढत असतानाच वास आला, म्हणजे तिला तसा भास झाला. रत्नप्रभाबाई दारातच उभ्या होत्या. आज पदर नाकाला नव्हता. दोन्ही हात कमरेवर होते.

"मासे!" त्या म्हणाल्या. आवाज हळू होता, आणि तेच वाईट होतं. "माझ्या घरात मासे शिजवलेस तू."

झालं होतं असं. अनुपमा अंडं अर्धवट उकडून खायची. दोन दिवस खाल्लं, काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी मोठं, चॉकलेटी अंडं फोडलं, पहिला चमचा तोंडात घातला आणि ओकली. बाईंनी वाकून बशीचा वास घेतला, आणि मग गॅलरी तीनदा धुतली. स्टो धुतला. पातेलं फेकून दिलं.

"काय घातलंस?"

"जवळा," वनमाला म्हणाली. आता लपवायला काही उरलं नव्हतं.

"म्हणजे काय?"

"बारीक कोळंबी, बाई. सुकवलेली."

जिन्यावरचं कुणीतरी फिस्सकन हसलं. बाईंनी वर पाहिलं, हसणं बंद झालं. मग त्या वनमालाकडे बघून म्हणाल्या, "रंगासाठी केलंस?"

"रंगासाठीच."

"आणि मला म्हणालीस गवत."

वनमाला डब्याच्या झाकणाकडे बघत राहिली. झाकणावरचं झाड अर्धं खरवडलं गेलं होतं.

"फसवलंस त्याचं जास्त वाईट वाटतं, वनमाला. मासळीचं धुऊन निघेल." बाई आत गेल्या आणि पुडी घेऊन आल्या. "हे घेऊन जा. पंधरा दिवस अंडी नकोत. पंधरा दिवसांनी एकदा ये. शेवटचं फोडून बघेन. नाहीतर हा जिना चढू नकोस. आणि गल्लीतही विचारू नकोस, कुणी घेणार नाही."

ते खरंच होतं. त्या दिवशी बाकीच्या पाचांतलं एकही दार उघडलं नाही. तूस-अंड्यांचा भरला डबा मांडीवर घेऊन वनमाला घरी आली. वैशाखाचं ऊन पत्र्यावरून उतरत नव्हतं. युनिटमध्ये म्हशी पाण्यासाठी ओरडत होत्या.

अंबादास पाळीवरून येऊन खोलीपुढे पाय धूत होता. मूळचा जालन्याकडचा माणूस, उंच, सावकाश बोलणारा. फार्ममध्ये खाद्य कालवण्याचं काम करी. साहेबलोक काय बोलतात ते ऐकायचं आणि पाठ ठेवायचं, ही त्याची सवय.

"भाऊजी," वनमाला म्हणाली, "एक विचारू? कोंबडीला जवळा घातला तर अंड्याला वास येतो?"

अंबादास हसला. "कुणाच्या कोंबडीला, वहिनी?"

"माझ्या."

"गावठीच्या अंड्याला सहसा नाही येत. त्या तांबड्या जातीच्या काही काही कोंबड्यांच्या अंड्याला येतो. त्यांना मासळीचा वास पचत नाही, तो अंड्यात उतरतो. तशी एखादी कोंबडी त्यांच्यात जन्मालाच येते, तिचा दोष नाही. आमच्याकडं डॉक्टरसाहेब म्हनूनच मासळीची भुकटी मोजून घालायला लावतात. किती घातला तुमी?"

"पिशवीभर."

"अरारारा." त्याने पाय झटकले. "पन कशापायी?"

मग तिने सगळं सांगितलं. फिका बलक, लिंबू, चहाचं पाणी, ओकारी. सांगताना आवाज चढत गेला. खुराड्याची गोष्ट आली तेव्हा मात्र ती एकदम हळू झाली.

"रंगाचं सोपं हाय," अंबादास म्हणाला. "रंग कोंबडीच्या पोटात तयार होत नाही. तो खान्यातून येतो. हिरवं गवत, लसूणघास, पिवळा मका, पिवळी फुलं. तांदळात रंग कुठून येनार? पांढरं घातलं, पांढरं मिळालं. आन एक सांगतो, तुमच्या त्या बाईंना सांगा. फिका बलक म्हंजी पानी नव्हं. ताकद तीच. हिरवं खाल्लं तर जीवनसत्त्व थोडं वाढतं, येवढंच. कवच पांढरं का तांबडं, ते तर निस्तं जातीवर. माणसात गोरा-काळा असतो तसं."

"त्यांना नाही पटायचं."

"न्हाईच पटत कुनाला," अंबादास शांतपणे म्हणाला. "मग हिरवं घाला. आज घातलं आन उद्या दिसलं, असं नाही होत. आठ-दहा रोज लागतात. पन कोंबड्या बाहेर सोडाव्या लागतील, वहिनी. खुराड्यात कुठलं गवत?"

"हळू बोला हो!"

पण उशीर झाला होता. खोलीच्या कोपऱ्यावर लवू उभा होता, हातात तेलाची बुधली. खुराड्याच्या बिजागरीला तेल द्यायला निघाला होता.

त्याने बुधली खिडकीत ठेवली, आत गेला आणि खाटेवर आडवा झाला. तोंड भिंतीकडे.

पार्ल्याचं गिऱ्हाईक जाणं वेगळं आणि हे वेगळं. वनमाला उंबऱ्यात बसली. मग खाटेवरून आवाज आला, "माका सांगलंस कित्याक नाय?"

"खुराडा बरा आसा. कोंबड्ये सुखी आसत."

"तू माका खुळो समजतंस? गिऱ्हाईक तोंडार थुकता आणि तू सांगतंस ऊन लागला."

"थुकली नाय कोण. लिंबू घासल्यानी."

खाट करकरली. लवू हसत होता की काय हे तिला पाठीवरून कळेना. "लिंबू? अंड्याक?"

"अंड्याक. आणि माका बसवून."

"मायझया," लवू म्हणाला, पण कुणाला ते कळलं नाही. मग कूस बदलून उताणा झाला. पत्र्याकडे बघत म्हणाला, "सोडली तर मुंगूस खाता. बांधली तर रंग जाता."

वनमाला उठली. हातात अजून निर्माल्याची पुडी होती. जग बुडालं तरी ती उंबराखाली ठेवायचीच, म्हणून मागे गेली. बुंध्याशी वाकली, आणि वाकलेलीच राहिली.

उंबराखाली ढीग होता. झेंडूच्या वाळक्या माळा, एकावर एक, महिना-दीड महिन्याच्या. पाकळी न् पाकळी जागेवर.

पूर्वी असा ढीग कधी झाला नव्हता. दिवाळीपासून ती इथे फुलं सोडत होती आणि संध्याकाळपर्यंत फक्त दोरा उरायचा. तिला वाटायचं वारा नेतो, मुंग्या नेतात. एकदा तर वाटलं होतं, देवाचं आहे, देवच नेत असेल. गेला महिनाभर तर ती पुडी ठेवून न बघताच फिरायची; मागे वळून बघायला सवड कुणाला होती?

तिने पुडी सोडली. आजची फुलं ताजी होती, पिवळीजर्द. एक फूल घेऊन ती खुराड्याशी गेली आणि जाळीतून आत टाकलं. कोंबड्या अशा धावल्या की दांडीवरची एक खाली पडली. फूल तीन घासांत संपलं. देठ राहिला.

"अगो आई गं," वनमाला म्हणाली आणि खाली बसली.

पार्ल्याच्या देवाची फुलं खाऊन पार्ल्याच्या सुनेची अंडी पिवळी होत होती. आणि बाई तिला विचारत होत्या, काय घालतेस?

तिने लवूला हाका मारल्या. हाकेत असं काही होतं की तो खाटेवरून उठून आला, अंबादासही आला. ढीग बघून अंबादास डोकं खाजवत म्हणाला, "झेंडू! वहिनी, याच्याइतका रंग तर लसूणघासालाबी नाही. फुलं आन गवत, दोन्ही मिळत होतं त्यांना. मग काय होनार, सोनंच."

"देवाची फुलं ना पण," वनमाला म्हणाली. "कोंबड्यांनी खाल्ली. पाप नाही का?"

"पायाखाली न्हाई आली ना?"

"नाही."

"मग? पोटात गेली."

लवूचं याकडे लक्ष नव्हतं. तो खुराड्याकडे बघत होता, एक डोळा मिटून, गिरणीत मशीनकडे बघायचा तसा. मग म्हणाला, "तळ काढून टाकतंय."

"काय?"

"खालच्या फळ्यो काढतंय. पाय कापतंय. चार चाकां लावतंय. जाळी जमनीक टेकात, मुंगूस आत येवचा नाय, आणि कोंबड्ये गवतार. एक जागा खाऊन झाली की ढकलूचा फुडे. सकाळी गवतार, दोपारी उंबराखाली." तो पहिल्यांदाच तिच्याकडे वळला. "कोंबड्येक गवताकडे नेऊचा नाय, तर काय गवत कोंबड्येकडे येतला?"

चाकं भंगारातून आली, कसल्यातरी ढकलगाडीची. दोन मोठी, दोन लहान. त्यामुळे खुराडं चालताना नमस्कार केल्यासारखं पुढे झुकायचं. रात्रीपुरती खाली सरकवायला फळी केली. ओळीतली माणसं पहिल्या दिवशी बघायला जमली. लवू मागून ढकलतोय, आत बावीसातल्या उरलेल्या एकोणीस कोंबड्या पावलापावलाने चालतायत, आणि कोंबडा वर दांडीवर बसून मिरवणुकीत बसल्यासारखा ओरडतोय. "लवूशेठ, तिकीट किती?" कुणीतरी ओरडलं. "कोंबडो आसलंस तर फुकट," लवू म्हणाला. माणसं हसली. दोन वर्षांत लवूने पहिल्यांदा ओळीतल्या कुणाला उत्तर दिलं होतं.

टेकडी वाळून पिवळी झाली होती, पण युनिटमधलं गोठे धुतल्याचं पाणी जिथून वाहत जाई तिथे गवत गुडघ्याएवढं हिरवं होतं. लवू भल्या सकाळी तिथे खुराडं न्यायचा. दुपारी उंबराच्या सावलीत. जुन्या माळा वनमालाने पाण्यात भिजवून सोडवल्या, दोरे बाजूला केले. जवळा बंद. उरलेल्या जवळ्याचं लवूने मनापासून स्वागत केलं.

मुंगूस दोनदा आलं. जाळीभोवती फिरलं, खाली उकरायला लागलं, तेवढ्यात लवूने खुराडं चार हात पुढे ढकललं. मुंगूस उकरलेल्या खड्ड्याकडे बघत उभं राहिलं. लवू ही गोष्ट नाक्यावर रोज सांगायचा आणि रोज मुंगसाचा चेहरा करून दाखवायचा.

पंधरा दिवस उलटल्यावरच्या शनिवारी वनमालाने बारा अंडी घेतली. घरी एकही फोडून पाहिलं नाही. फोडायला हात धजला नाही. अंबादास म्हणाला, "एक बघा तरी." ती म्हणाली, "नको. जे व्हायचं ते तिकडेच होऊ दे."

जिना तिने थांबत थांबत चढला. बाईंनी दार उघडलं, पाट सरकवला आणि बशी आणली. समोरची शेजारीण आलीच. अनुपमाही आतून येऊन चौकटीला टेकून उभी राहिली.

बाईंनी तांबडीचंच अंडं निवडलं. चमच्याने टक् केलं. बशीत बलक पडला आणि तिथेच उभा राहिला, पसरला नाही. झेंडूसारखा. अगदी झेंडूसारखा.

बाई वाकल्या. सगळ्यांदेखत, सोवळ्याओवळ्याचं काहीही मनात न आणता, त्यांनी बशी नाकाशी नेली आणि वास घेतला. पुन्हा घेतला.

"वास नाही," त्या म्हणाल्या. मग सरळ झाल्या. "काय घातलंस?"

वनमालाला वाटलं, गवत म्हणावं. अर्धं खरंच आहे. गवत म्हटलं की सहा घरं परत मिळतात. पण मागच्या वेळी हाच शब्द इथेच, याच पाटावर बसून खोटा बोलली होती. तो परत तोंडात येईना.

"गवत," ती म्हणाली, "आणि तुमचं निर्माल्य."

"काय?"

"तुम्ही देता ते. उंबराखाली सोडते मी, बाई, शपथ. कोंबड्या खात होत्या ते मला ठाऊक नव्हतं. दिवाळीपासून खातायत. मधे त्यांना कोंडलं, फुलं मिळाली नाहीत, म्हणून रंग गेला. आता परत खायला देते. मुद्दाम देते. तुम्हाला चालत नसेल तर आत्ताच सांगा, मी पुढची पुडी नेणार नाही, अंडीही आणणार नाही. खोटं नाही बोलायचं मला आता."

रत्नप्रभाबाई बशीकडे बघत राहिल्या. मग देवघराकडे बघितलं. पुन्हा बशीकडे. देवावर आज सकाळी घातलेली माळ होती, पिवळीजर्द. रंग जुळवून बघत असाव्यात.

आणि चौकटीशी अनुपमा हसायला लागली. आधी तोंडावर हात ठेवून, मग तो काढून. आजारातून उठल्यापासून तिला असं हसताना कुणी पाहिलं नव्हतं. "आई," ती म्हणाली, "म्हणजे मी इतके दिवस प्रसाद खातेय."

"गप्प बस."

"आणि अंडी फिकी होती ना, त्या महिन्यातसुद्धा वजन दीड किलो वाढलं होतं. मी सांगत होते तुम्हाला. तुम्ही बशीकडेच बघत होतात."

"आमच्याकडचे अंबादासभाऊ तेच म्हणतात," वनमालाने हळूच जोडलं. "ताकद तीच असते. रंग नुसता खाण्याचा."

"मला शिकवू नका दोघी," बाई म्हणाल्या. पण आवाजातली काठी खाली ठेवलेली होती. त्यांनी शेजारणीकडे पाहिलं. "तुम्ही काय बघताय? घ्यायची असतील तर पातेलं घेऊन या. बारातली सहा माझी."

मग त्या आत गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. आत भांड्याचा आवाज नाही, बोलण्याचा नाही. वनमाला पाटावर बसून राहिली. गल्लीतली बाकीची दारं एकेक करून वाजू लागली होती.

बाई आल्या तेव्हा हातात पुडी होती, नेहमीपेक्षा मोठी. "फुलवाल्याला शेवंती आणू नको म्हणून सांगणार आहे," त्या म्हणाल्या, जणू दुसऱ्याच कुणाविषयी बोलत होत्या. "मंगळवारी ये. वेळेवर ये."

वनमाला घरी आली तेव्हा लवू उंबराखाली खुराड्याशी उकिडवा बसला होता, चाकाला तेल देत. त्याने मान वर करून पाहिलं. तिने रिकामा डबा उलटा करून दाखवला. मग बुधलीचं झाकण लावलं.

तिने खाली बसून पुडी सोडली. कुंकू लागलेलं एकही फूल त्यात नव्हतं. उदबत्तीची काडी नव्हती, कापसाची वात नव्हती. फुलं धुतलेली होती, अजून ओली. आणि दोरा आधीच काढून टाकलेला होता.